डावा कोणता, उजवा कोणता

भाऊ,

उद्या तुझी तेरवी. अंगणात मांडव पडतोय, वहिनी बायकांबरोबर तांदूळ निवडत बसल्या आहेत, आणि मी वही घेऊन गोठ्यासमोरच्या दगडावर येऊन बसले आहे. घरात कुठेही टेकलं की कुणीतरी येऊन समजूत घालतं. इथे फक्त मोऱ्या आणि चांद्या आहेत. ते समजूत घालत नाहीत, रवंथ करतात. बरं वाटतं.

बारा दिवस झाले, येणारा प्रत्येक जण 'फार साधा माणूस होता' असं म्हणून जातो. मी मान हलवते. साधा? तू? तुझ्याएवढा हेकेखोर माणूस आर्वी ते आष्टीच्या टापूत दुसरा नसेल. आर्वीच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. मी चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी दहावीचा वर्ग चिडीचूप व्हायचा. आणि रविवारी एसटीने गावी आले की तू ओसरीवर बसल्या बसल्या माझं सगळं विज्ञान उलटंपालटं करायचास, वर वहिनींना सांगायचास, "शालूले चहा दे वो, बोलून बोलून दमली बिचारी."

भांडण वर्षानुवर्षं एकच. बैल ठेवायचे की काढायचे.

मी तुला पहिल्यांदा गणित मांडून दाखवलं ते आठवतं? ओसरीच्या फरशीवर, खडूने. जोडीची ताकद जेमतेम एक अश्वशक्ती, किरायाच्या ट्रॅक्टरची पस्तीस. जोडी वर्षातले थोडेच महिने कामाची, खायला मात्र बाराही महिने. तू सगळं ऐकून घेतलंस, मग म्हणालास, "एका घोड्याची ताकद म्हनतेस ना? मंग घोडाच आन. गुडघ्याएवढ्या कपाशीत डवरा ओढून दाखव म्हना त्याले, एक झाड न मोडता." वहिनी आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी खडू पर्समध्ये टाकला.

खरं तर तू ट्रॅक्टरच्या विरोधात कधीच नव्हतास, हे कळायला मला फार वर्षं लागली. उन्हाळ्यातली नांगरणी तू दरवर्षी ट्रॅक्टरनेच करून घ्यायचास. "आडदांड काम त्याले, नाजूक काम यायले," असं तुझं वाटप होतं. पाऊसकाळात काळ्या मातीत ट्रॅक्टरचं चाक घालता येत नाही तेव्हा अर्ध्या गावाची डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं काम, तुझी जोडी करायची. ज्यांच्या घरी औत धरणारं कुणी नाही त्यांच्या वावरात आधी. मोबदला विचारला की म्हणायचास, "तूर निंगाली का कुटार ठेवजो बैलायसाठी." शेंगा झोडून उरलेला तो भुसा, एवढीच तुझी मजुरी. आणि दुपार झाली की कुणाचंही वावर असो, अर्धी ओळ राहिलेली असो, तू जू उतरवायचास. "बैलायची शाळा सुटली," म्हणायचास. शाळेतल्या बाईच्या भावाला शोभेल असं वाक्य, असं मला वाटायचं, पण मी ते तोंडावर कधी म्हटलं नाही.

आणि ते गोल. एकदा तू मला गोठ्यामागे नेलंस आणि बैल हाकायच्या तुतारीच्या टोकाने मातीत मोठं गोल काढलंस. तुझी तुतारी तरी काय, नुसती काठी. बैलाला टोचायची आर तू ती हातात घेतल्याच्या दिवशीच उपटून फेकली होतीस. गोलावर एकेक खूण करत गेलास. ही कपाशी. कपाशीतून सरकी. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, बैलापुढे. बैलाचं शेण गोबरगॅसच्या टाकीत. गॅस आपल्या आणि शेजारच्या येसूमावशीच्या शेगडीला, आणि टाकीतून निघालेला गाळ पुन्हा कपाशीत. "झालं गोल. आता सांग कुठं तुटलं."

मी कशाला सोडते! म्हटलं, असं गोल जगात कुठेच पूर्ण होत नाही. ऊर्जा प्रत्येक पायरीवर गळते. बैल जे खातो त्यातलं कितीतरी नुसतं त्याचं अंग गरम राखण्यातच संपतं.

"गळतेच ना. मी कुठं नाई म्हनतो?" तू तुतारीवर हनुवटी टेकवून म्हणालास. "शेनातले दाने चिमन्या वेचतेत. वखरामागं बगळे येतेत. थंडीत थे लंगडी कुत्री बैलाले चिकटून निजते, थेच तुही गरमी. गळलं थे कोनाच्या तरी पोटात गेलं, शालू."

त्या दिवशी मी काहीतरी फटकळ उत्तर देऊन एसटी पकडली. पण सोमवारी वर्गात गेले आणि फळ्यावर तेच गोल काढलं. चिमण्यांसकट, बगळ्यांसकट, लंगड्या कुत्रीसकट. पुढे दरवर्षी काढलं. मुलांना दुसरं काही आठवो न आठवो, ते गोल आठवायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुठून सुचलं?" मी म्हणाले, "सुचलं." भाऊ, हे मी तुला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर मला छळलं असतंस, दुसरं काही कारण नाही. आता सांगते. ते गोल तुझं होतं, आणि मी ते माझं म्हणून खपवलं.

तुझी शाळा आठवीत सुटली. बाबांची कंबर गेली आणि वखर तुझ्या हातात आला, म्हणून माझी पुस्तकं माझ्या हातात राहिली. हेही आपण दोघांनी कधी उच्चारलं नाही. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी नाल्याला पूर होता. तू बंडी जुंपून मला एसटीच्या फाट्यावर सोडायला निघालास. पाण्याच्या काठाशी बैल थांबले, काही केल्या पुढे पाऊल टाकेनात. मी मागून ओरडत होते, "मार ना त्यायले! माही एसटी जाईल!" तू कासरा सैल सोडलास आणि बंडीच्या साटीवर आडवा झालास. "त्यायले पान्याचं माह्यापेक्षा समजते." थोड्या वेळाने बाभळीचं अख्खं झाड मुळांसकट वाहत आलं आणि आपण जिथून उतरणार होतो तिथूनच गेलं. पाणी ओसरल्यावर बैल आपण होऊन नाल्यात उतरले. मला पुढची एसटी मिळाली, प्रवेशही मिळाला. मी इतकी भिजलेली आणि चिडलेली होते की आभार मानायचे राहिले. ते चाळीसहून जास्त वर्षं राहिलेले आहेत.

तुझा एक दोष मात्र सांगायलाच हवा, नाहीतर या लिहिण्यात दम नाही. तू जू दुसऱ्या कुणाच्या हातात कधी दिलंच नाहीस. तुझा मंगेश लहानपणी मागे मागे यायचा तर त्याला म्हणायचास, "तू अभ्यास कर." त्याने अभ्यास केला, बुटीबोरीला कंपनीत लागला, ही जोडी तर तू तो तिकडे असतानाच आणलीस. या उन्हाळ्यात तो नोकरी सोडून शेती करायला परत आला, तर तू त्याला खताच्या पिशव्या उचलायला लावलंस, बैलांना हात लावू दिला नाहीस. मग पोराने ते बैल आपले मानावेत तरी कसे?

अक्षयतृतीयेला मंगेशने मला बाजूला घेऊन विचारलं, "आत्या, बाबाचे गुडघे गेले. जोडी इकून टाकू का? तू सांगशीन तं बाबा आयकन." मी म्हटलं, विकून टाक. तुझी काळजी होती त्यात, देवाशपथ होती. पण थोडीशी खुशीही होती, इतक्या वर्षांचं भांडण शेवटी मी जिंकणार याची. एवढं प्रामाणिकपणे लिहिते, कारण तुला खोटं लगेच कळायचं.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुला हे कळलं होतं, मला खात्री आहे. पण तू त्यावर एक अक्षर बोलला नाहीस. पावसाचं विचारलंस, माझ्या साखरेचं विचारलंस आणि मग एकदम म्हणालास, "शालू, आपल्या जोडीतला डावा कोन्ता, उजवा कोन्ता, माहीत हाये का तुले?"

मी हसले. "मला काय करायचंय? दोघं पांढरेच तर आहेत."

"नाई, असंच इचारलं," म्हणालास, आणि फोन ठेवलास.

चार दिवसांनी सकाळी तू बैलांना पाणी दाखवलंस, ओसरीवर टेकलास, आणि वहिनी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत गेलास.

सुतकात आपल्या घरची शेगडी पेटली नाही. येसूमावशीने तिच्या घरून सगळ्यांचं जेवण रांधून आणलं, आणि ते तुझ्याच गोबरगॅसवर रांधलं. शेण टाकायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी मी मागे गेले तर टाकीवरची लोखंडी टोपी गॅस संपून पार खाली बसली होती. तुझ्या हयातीत मी ती अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. तिच्याकडे पाहून मी जी रडले ती तुला नेतानाही रडले नव्हते. येसूमावशी शेणाचं टोपलं डोक्यावर घेऊन आली, मला म्हणाली, "अवं बाई, सर तिकडं, कालवू दे मले," आणि शेण-पाणी कालवू लागली. मग मीही हात घातला. रिटायर्ड मुख्याध्यापिका कोपरापर्यंत शेणात! तू पाहायला हवं होतंस.

सातव्या दिवशी चारा संपला. धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं गवत आणायला मंगेशने बंडी काढली. मी ओसरीवरून पाहत होते. त्याने मोऱ्याला डावीकडे घातलं, चांद्याला उजवीकडे, आणि कासरा ओढला. बैल हलेनात. त्याने हाकारलं, ढकललं. चांद्या मान फिरवून फिरवून पलीकडे जायला बघत होता, मोऱ्या खाली बसायच्या बेतात. शेवटी मंगेशने तुझी तुतारी उचलली आणि चांद्याच्या पाठीवर एक ओढली. बिनआरीचीच ती, पण आवाज मोठा झाला. वहिनी आतून धावत आल्या.

"घ्या!" मंगेश ओरडला. "बाबाशिवाय चालतच नाई हे! ठेवून काय करू मी?"

तेव्हा माझ्या डोक्यात तुझा फोन वाजला. डावा कोणता, उजवा कोणता. मला माहीत नव्हतं. वहिनी तो प्रकार बघून घाबरल्या होत्या, त्यांना काही सुचत नव्हतं. आणि मग मला तू दिसलास, सकाळी अंगणात जू दोन्ही हातांनी उचलून नुसता उभा, दातात काडी. हजार वेळा पाहिलं असेल मी ते. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने एकदाही नीट निरीक्षण केलं नव्हतं.

मी खाली उतरले. "मंगेश, दोघांना सोड. पार मोकळं सोड. आता जू उचलून धर आणि काही करू नकोस."

"पळून जातीन नं आत्या."

"जाऊ दे."

त्याने जू उचलून धरलं. बैल थोडे दूर गेले. मोऱ्याने अंग झाडलं. मग चांद्या वळला, संथपणे मंगेशच्या डाव्या बाजूला आला आणि मान खाली घालून जुवाखाली उभा राहिला. मागोमाग मोऱ्या आला आणि उजवीकडे उभा राहिला. कुणी त्यांना काही सांगितलं नाही. दोघं जुवाखाली मान देऊन वाट बघत राहिले, आणि मंगेश जू धरून तसाच रडत राहिला, कारण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

आता कळलं, भाऊ. त्या फोनवर तू माझी परीक्षा घेत नव्हतास. तू मला जोडी सोपवत होतास आणि मी हसले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आणखी एक पेच उभा राहिला. खांदे शेकायचे कुणी? घराला तेरा दिवसांचं सुतक, मंगेशने तुझ्या अग्नीला हात लावलेला, त्याला सण नाही. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना त्या एका संध्याकाळी हळद-तूप लागायचं ते यंदा राहणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तेव्हा वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "शालूबाईचं सुतक तं तीनच दिवसाचं. लग्न झालं, गोत्र बदललं. त्यायचं कवाचंच फिटलं."

ओसरीवरचे थोरले काका म्हणाले, "हे बाईमान्साचं काम हाये का?"

"मंग तुमी करता का?" वहिनींनी विचारलं. काकांनाही सुतक होतंच.

लेक परक्या घरची होते, याचा मला आयुष्यभर राग होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला. मी येसूमावशीच्या शेगडीवर तूप गरम केलं, हळद कालवली, पळसाची पानं घेतली आणि गोठ्यात गेले. आधी डावा, मग उजवा; आता मला माहीत होतं. चांद्याच्या खांद्यावर हात फिरवला. जुवाने पडलेला तो घट्टा, तळहाताएवढा, दगडासारखा टणक. मी इतकी वर्षं फळ्यावर जिला एक अश्वशक्ती म्हणून लिहीत आले ती माझ्या हाताखाली श्वास घेत होती. माझी फी, माझी एसटी, माझे चष्मे, सगळं या असल्याच घट्ट्यांवरून आलं होतं. मी पान फिरवत राहिले. चांद्याने डोळे मिटले.

मग त्याच्या कानाशी वाकून तुझ्यासारखं पोळ्याच्या जेवणाचं आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शब्द तुझे, सूर मात्र वर्गात हजेरी घ्यायचा. पुन्हा म्हटलं. मोऱ्याला म्हणताना नीट आला.

पोळ्याला आपली जोडी तोरणाखाली गेली नाही. दरवर्षी तोरण झाल्यावर तू त्यांना घरोघर ओवाळून घ्यायला न्यायचास, यंदा तेही नव्हतं. पण संध्याकाळ व्हायच्या आत फाटकाची कडी वाजली. येसूमावशी ताट घेऊन उभी. मी म्हटलं, मावशी, घराला सुतक आहे. ती म्हणाली, "घराले आहे. बैलायले कायचं आलं वो सुतक?" आणि सरळ गोठ्यात गेली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. ज्यांच्या ज्यांच्या वावरात तू डवरा धरला होतास त्या सगळ्या आल्या. कुणी पुरणपोळी, कुणी नुसती भाकर नि गूळ. घरात कुणी पाऊल टाकलं नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. ओवाळलं, बैलांना घास दिला, पाया पडल्या आणि गेल्या. बैल दारोदार गेले नाहीत तर दारं बैलांकडे आली. गावात तुझी किंमत काय होती ते मला त्या रांगेत दिसलं, आणि मी, तुझी शिकलेली बहीण, त्या रांगेत सगळ्यात मागे होते.

काल सकाळी व्यापारी आला. मंगेशनेच आधी निरोप दिला होता. तो मोऱ्याचे दात बघू लागला तशी मी मंगेशला आत बोलावलं. म्हटलं, "अक्षयतृतीयेला मी तुला जे सांगितलं ते चुकीचं होतं. मी चुकले." भाऊ, जन्मभर वर्गात हे वाक्य मी एकदाही म्हटलं नव्हतं. तोंडातून निघताना फार जड गेलं.

मंगेशने दारातून गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठेवतो आत्या. पन मले शिकवन कोन?"

"तेच शिकवतील. तू जू नीट उचलून धर."

तो बाहेर गेला आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "माफ करा भाऊ, डवरणी बाकी हाये आमची." मग त्याने आत येऊन मला विचारलं, पुढे त्याचे गुडघे गेले तर काय. मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा बघू. मला सगळं माहीत असतं असा आव मी आता आणणार नाही. कदाचित दोन वर्षांनी तो जोडी काढेलही. पण काढली तर ओळखून काढेल, नुसतं माझ्या गणितावर नाही.

आज पहाटे तो उठला तेव्हा मी जागीच होते. त्याने शेण भरलं, टाकीत कालवलं. मग अंगणात जू उचलून उभा राहिला. दातात काडी होती. कुठून शिकला कुणास ठाऊक. चांद्या डावीकडे आला, मोऱ्या उजवीकडे. मी चष्मा काढून पुसला.

तर उद्या तुझी तेरवी. येसूमावशीकडची आणि आपली, दोन्ही शेगड्या पेटणार आहेत. टोपी आज पुन्हा वर आली आहे, मी बघून आले. पुरण मीच शिजवणार. कावळ्याचं पान बाहेर ठेवू तेव्हा नेहमीसारखा हेका करू नकोस, भांडण उरलंय म्हणून अडून बसू नकोस. ते भांडण तू जिंकलास.

भाऊ, आज आवतन घे. उद्या जेवाले ये.

— शालू